खटक्याची पारख



या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झालेली असताना, ज्या वस्तूकडे आपण दिवसातून दहा-वीस वेळा हात नेतो परंतु एकदाही डोळा नेत नाही, त्या विजेच्या खटक्यावर तासभर बोलण्याची मुभा या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. ज्या गृहस्थांच्या स्मृत्यर्थ ही माला चालते ते स्वतः यंत्रशाळेत वाढलेले होते, हाताला तेल लागल्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. तेव्हा आजचा विषय त्यांना परका वाटला नसता, एवढा भरवसा मनाशी धरून मी आरंभ करतो.

कोणतेही विजेचे उपकरण घडविताना खटक्याच्या वाट्याला काय येते? मोटारीचा आराखडा सहा-सहा महिने चालतो, बाहेरच्या कवचाचा रंग पिवळसर असावा की पांढरा यावर सभा भरतात, नाममुद्रा कोणत्या कोपऱ्यात बसवावी यावर मतभेद होतात, आणि सर्व काही मंजूर होऊन साचे तयार झाल्यावर, शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवते की हे यंत्र सुरू कसे करायचे ते ठरलेलेच नाही. मग सूचिपत्रे उघडली जातात, कवचात भोक केवढे आहे ते मोजले जाते, त्या भोकात बसेल असा आणि खिशाला परवडेल असा एक खटका निवडला जातो, आणि त्याच्या अंगावर कोरलेला अँपिअरचा आकडा यंत्राच्या प्रवाहाहून मोठा आहे एवढी खातरजमा करून दप्तर बंद होते. श्रोतेहो, माझी तक्रार या शेवटच्या खातरजमेविषयी आहे. तो कोरलेला आकडा खोटा नसतो. परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर असतो तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

खटका जोडलेला असताना त्याची परीक्षा फारशी होत नाही. धातूला धातू टेकलेला आहे, मधून वीज जात आहे. एवढे काम दोन तारांची टोके पिळून ठेवली तरी निभते. खटका आपण विकत घेतो तो तोडण्यासाठी. आणि तोडण्याच्या त्या एका निमिषात, सेकंदाच्या काही सहस्रांशांत, जे घडते त्यावर त्याचे आयुष्य, यंत्राची भरवशाची मुदत आणि प्रसंगी माणसाचा जीव अवलंबून असतो. आजच्या भाषणात मी जे सांगणार आहे ते एवढेच आहे. पुढचा सारा विस्तार याच मुद्द्याचा आहे.

प्रथम तो निमिष जवळून पाहू. खटक्याच्या पोटात पितळेची एक पट्टी असते, तिच्या टोकाला रुप्याची, किंवा रुप्याच्या मिश्रणाची, एक टिकली बसविलेली असते आणि समोर तशीच दुसरी. या टिकल्या डोळ्यांना गुळगुळीत दिसल्या तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि सारा प्रवाह मोजक्या उंचवट्यांच्या टोकांतून वाहत असतो. टिकल्या एकमेकींपासून दूर होऊ लागल्या की हे स्पर्शबिंदू एकेक करून सुटतात. शेवटी जो एक उरतो त्याच्यावर सगळ्या प्रवाहाचा भार येतो, तो तापतो, वितळतो, वितळलेल्या रुप्याचा एक सूक्ष्म पूल क्षणभर ताणला जातो, तुटतो, त्याची वाफ होते, आणि त्या तप्त वाफेतून व भोवतालच्या हवेतून वीज पुन्हा वाट काढते. हीच विद्युत् प्रज्योत; आमचे वायरमन तिला आर्क म्हणतात. तिचे तापमान हजारो अंशांचे असते, आणि ती पेटायला फार मोठ्या शक्तीची गरज नसते. रुप्याच्या टिकल्यांमध्ये बारा-एक व्होल्टांचा दाब आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह असला तरी पुरे होते. रात्री अंधारात मोठ्या भाराचे बटण बंद करताना फटीतून निळसर उजेड चमकलेला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

ही ज्योत जितका वेळ टिकेल तितके रुपे जळेल. म्हणून टिकल्या त्वरेने दूर झाल्या पाहिजेत. परंतु माणसाचे बोट त्वरेने हलतेच असे नाही. कोणी खटका अर्ध्यावर धरून ठेवतो, कोणी हळूहळू ढकलतो. इंग्लंडातील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली यावर तोड काढली. स्प्रिंगमध्ये आधी शक्ती साठवायची आणि विशिष्ट मर्यादा ओलांडली की टिकली आपल्याच वेगाने झटक्याने मागे घ्यायची, अशी ती योजना होती. बोटाची चाल आणि टिकलीची चाल यांची तेथे फारकत झाली. बटण दाबल्यावर येणारा तो ‘टक्’ आवाज याच फारकतीचा आहे. पुढे १९३२ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातील फ्रीपोर्ट गावी मॅकगॉल या गृहस्थांनी हेच तत्त्व केसाएवढ्या हालचालीवर चालेल इतके सूक्ष्म केले आणि आज ज्याला मायक्रोस्विच म्हणतात तो जन्माला आला. आपल्या मायक्रोवेव्हच्या दारात आणि संगणकाच्या माऊसमध्ये त्याचीच वंशावळ नांदते आहे.

परंतु वेगाने सारे भागत नाही. आपल्या घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, आहे. ती सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात प्रज्योतीचे अन्न एकदा आपोआप तुटते आणि बहुधा ती विझते. एकदिश प्रवाहात, म्हणजे डीसीत, हे शून्य कधी येतच नाही. ज्योत पेटली की खटक्याने तिला स्वबळावर ओढून, लांबवून, थंड करून मारावे लागते. हा फरक किती मोठा असावा? सर्वत्र मिळणाऱ्या एका मायक्रोस्विचचे तपशीलपत्रक काढून पाहा. २५० व्होल्ट एसीवर तो १५ अँपिअर तोडू शकतो. २५० व्होल्ट डीसीवर ०.३ अँपिअर. पुन्हा सांगतो: पंधरा आणि शून्य दशांश तीन. खटका तोच, दाब तोच, ताकद पन्नासाव्या हिश्श्याची. आणि कवचावर मात्र ठळक अक्षरांत पंधराच कोरलेले असते.

मुंबईकरांना डीसीचे हे दुखणे जुने आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत् गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि तो प्रवाह तोडण्यासाठी चुंबकाच्या जोराने ज्योत फुंकून उष्णतारोधक पडद्यांच्या कप्प्यांत कोंबणारी अवजड यंत्रे लागत. उपनगरी मार्गांवरचा डीसी २०१६ पर्यंत पूर्णपणे गेला; तोवर तोच डीसी घराच्या छपरावर सौर तक्त्यांच्या रूपाने आणि वाहनतळात विजेच्या दुचाकीच्या रूपाने परत आलेला होता. छपरावरच्या साखळीत जोडलेल्या तक्त्यांचा दाब काही शेकडा व्होल्टांचा असतो, आणि तेथे ‘जाडजूड आहे, चालेल’ अशा भरवशाने घरगुती एसीचा खटका बसविणारे महाभाग आहेत. भर दुपारी तो खटका बंद केला म्हणजे आतली ज्योत बंद होईलच याची शाश्वती कोणी द्यावी?

आता या मुद्द्याचा मोठा दाखला देतो आणि त्यावर थोडा रेंगाळतो, कारण त्याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या वाटेवर असलेल्या अपोलो १३ या यानातील प्राणवायूच्या दोन टाक्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली, आणि लॉवेल, स्विगर्ट व हेस हे तिघे अंतराळवीर चंद्रावर न उतरता चांद्रयानाच्या आश्रयाने कसेबसे चार दिवसांनी पृथ्वीवर परतले. हे आपण सारे जाणता, त्यावर चित्रपटही निघाला. परंतु चौकशी समितीने जी कैफियत मांडली तिचा नायक, म्हणावा तर खलनायक, नखाएवढ्या आकाराचे दोन उष्णतानियंत्रित खटके होते हे फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही.

टाकीत अतिथंड प्राणवायू. तो थोडा उबदार राखण्यासाठी आत विजेची तापक गुंडाळी. आणि गुंडाळी फार तापू नये म्हणून हे खटके, जे सुमारे २७ अंश सेल्सिअसला आपण होऊन उघडावेत. मूळ आराखडा यानाच्या २८ व्होल्ट डीसीचा होता. १९६५ साली असे ठरले की जमिनीवर असताना टाकीत लवकर दाब यावा म्हणून गुंडाळीला तळावरून ६५ व्होल्टांची वीज द्यावी. फर्मान सुटले, गुंडाळीच्या तपशिलात फेरफार झाला. खटके मात्र २८ व्होल्टांचेच राहिले, आणि हे विसंगत आहे हे उत्पादकाच्या, ठेकेदाराच्या किंवा सरकारी खात्याच्या कोणत्याच कागदावर कोणाच्या नजरेस आले नाही. आता गंमत पाहा, जर तिला गंमत म्हणावयाची असेल तर. हेच खटके बसविलेल्या टाक्या आधीच्या उड्डाणांत निर्वेध चालल्या. का चालल्या? कारण टाकीत थंड द्रव असल्याने खटके सतत जोडलेले राहिले. ६५ व्होल्ट त्यांच्यातून गेले तरी त्यांना काही झाले नाही. उघडण्याची पाळीच त्यांच्यावर आली नव्हती.

ती पाळी आली मार्च १९७० मध्ये. चाचणीनंतर टाकीतला द्रव बाहेर येईना, कारण आतली एक नळी आपल्या जागेवरून सरकलेली होती. तेव्हा गुंडाळी चालू ठेवून द्रव उकळून काढावा अशी तजवीज झाली, आणि सुमारे आठ तास ती गुंडाळी ६५ व्होल्टांवर तापत राहिली. द्रव उडाला, उष्णता वाढली, खटके आपल्या कर्तव्यास जागून उघडू लागले, आणि त्या निमिषात पेटलेल्या ज्योतीने टिकल्या वितळवून एकमेकींना कायमच्या जोडून टाकल्या. त्यानंतर गुंडाळी तापतच गेली. नळीच्या काही भागांचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले असावे असा निष्कर्ष निघाला. देखरेख करणाऱ्यांसमोरच्या मापकाचा काटा साधारण २७ अंशांपर्यंतच चढत असे, कारण त्याहून अधिक तापमान होऊच शकत नाही, खटका उघडेलच, हे गृहीत धरून तो बनविलेला! तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण आत भाजून निघाले, आणि काही आठवड्यांनी अवकाशात पंख्याला वीज दिल्याबरोबर ठिणगी पडली. जोडलेल्या अवस्थेत निर्दोष ठरलेला खटका तोडण्याच्या पहिल्याच प्रसंगी कसा दगा देतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

तेव्हा पहिला प्रश्न दाबाचा आणि प्रवाहाच्या जातीचा. दुसरा प्रश्न भाराच्या स्वभावाचा, आणि येथे घरातलीच उदाहरणे पुरतात. तारेच्या जुन्या शंभर वॉटच्या दिव्याला अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह लागतो. परंतु थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढाच असल्याने पहिल्या क्षणी पाच अँपिअरपर्यंत धाव जाते. एलईडीचा दिवा बिचारा नऊ वॉटचा, पण त्याच्या पोटातील कपॅसिटर रिकामा असतो, आणि एका बटणावर असे दहा दिवे जोडले की पहिल्या सहस्रांश सेकंदात ते सारे एकदम तोंड उघडतात. टिकल्या जुळताना एकदा टेकून थांबत नाहीत, त्या क्षणभर उसळतात; त्या उसळीत ही लाट आली की टिकल्या चिकटतात. चिकटणे घडते जोडताना, आणि उघडकीस येते तोडताना, म्हणून मी माझ्या मूळ मुद्द्यावरून हटत नाही.

पंखा, पंप, कॉन्टॅक्टरची गुंडाळी असे चुंबकीय भार याच्या उलट स्वभावाचे. भरल्या मोटेचा नाडा ऐन ओढीत तुटावा आणि बैल तोंडघशी पडावेत, तसे वाहत्या प्रवाहाचे येथे होते. त्याला एकाएकी अडविले की तो आपल्यापाशी साठविलेली शक्ती उसन्या दाबाच्या रूपाने टिकल्यांमधल्या फटीवर ओततो. २४ व्होल्टांच्या गुंडाळीने शेकडो व्होल्टांचा झटका द्यावा यात नवल नाही. त्यावर उपाय स्वस्त आहेत: डीसी गुंडाळीवर उलटा डायोड, एसीवर रोध आणि कपॅसिटर यांची जोडी. काही आण्यांचा तो भाग वाचविण्यासाठी खटका मोठा घेणारे रचनाकार मी पाहिले आहेत. असो.

आता मिक्सर घेऊ, कारण या उपकरणावर महाराष्ट्राचा थोडा हक्क आहे. मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकेना, तेव्हा त्यांनी १९६३ च्या सुमारास आपल्या मसाल्यांना पुरून उरेल असे यंत्र बनविण्याचा उद्योग आरंभिला आणि त्यातून ‘सुमीत’ घरोघर पोहोचला. अशा मिक्सरला खटका कोणता निवडावा? मोटार ७५० वॉटची धरली तर २३० व्होल्टांवर प्रवाह सव्वातीन अँपिअर. सूचिपत्रात ६ अँपिअरचा खटका दिसतो. दुपटीला थोडाच कमी, उत्तम झाले, आणा, असे म्हणण्याचा मोह होतो.

थांबा. मोटार उभी असताना पहिल्या क्षणी कितीतरी पट प्रवाह घेते. ओल्या खोबऱ्याची चटणी पात्याखाली अडकली की मोटार पुन्हा उभी राहू पाहते, म्हणजे प्रवाह पुन्हा वाढतो. आणि मिक्सरच्या खटक्याला एक, दोन, तीन या गतींच्या उलट दिशेला जो चौथा मुक्काम असतो, हात सोडला की परत येणारा, ज्यावर गृहिणी शेंगदाण्याचे कूट ‘टुर्र, टुर्र’ करीत दोन-दोन सेकंदांत काढते, त्याचा विचार केलात का? तेथे मोटारीने वेग घेण्यापूर्वीच प्रवाह तोडला जातो; म्हणजे सव्वातीन अँपिअर तोडण्याचा तेथे प्रश्नच नसतो, तोडायचा असतो तो सुरुवातीचा, उधाणाचा प्रवाह. शिवाय संख्येचा हिशेब करा. दिवसातून असे दहा टुर्र धरले तर वर्षाला ३,६५०. दहा वर्षांत छत्तीस हजार. तपशीलपत्रकात ‘आयुष्य एक लाख’ असे वाचून आपण निश्चिंत होतो. परंतु ते यांत्रिक आयुष्य, वीज न जोडता नुसता खटका वरखाली केल्याचे. विद्युत् आयुष्य त्याखाली बारीक टायपात असते, पुष्कळदा दहा हजारांचे, आणि तेही साध्या रोधक भारावर मोजलेले. दुरुस्तीवाल्याच्या बाकावर उघडून ठेवलेले मिक्सरचे खटके पाहा: पहिल्या-दुसऱ्या गतीच्या टिकल्या करड्या पडलेल्या असतात, आणि त्या टुर्रच्या टिकलीची जागा एका काळ्या खळग्याने घेतलेली असते, भोवतालचे प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेले असते. दुरुस्तीवाला नवा खटका टाकतो, तोच, तसाच. आणि दोन वर्षांनी पुन्हा भेटू म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वत्र मोठाच खटका घालावा, म्हणजे चिंता मिटली. नाही मिटत. प्रज्योत जशी मारक तशी एका अर्थी तारकही आहे. ती टिकल्यांवर बसलेला मळ जाळते. भोवतालच्या हवेतील गंधकाने रुप्यावर काळी पुटे चढतात. खाडीकाठी, गटारालगत, गोठ्याजवळ तर लवकर चढतात. पाच व्होल्टांचा आणि एक-दोन मिलिअँपिअरचा संकेत ते पूट भेदू शकत नाही, आणि दणकट खटका दाबूनही यंत्राला बटण दाबल्याचे कळत नाही. म्हणून मोठ्या भाराच्या मायक्रोस्विचच्या पत्रकात किमान भारही दिलेला असतो, पाच व्होल्टांवर १६० मिलिअँपिअर असा काहीतरी. आणि त्याखालच्या कामासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या टिकल्या घ्याव्या लागतात. तोच सोन्याचा खटका कोणी एकदा मोटारीवर वापरून पाहिला तर सोने जळून जाते आणि तो दोन्ही कामांतून बाद होतो.

येथवर विजेविषयी बोललो, आता हाताविषयी. खटका हा यंत्राचा एकमेव भाग आहे ज्याचे एक टोक विजेच्या आणि दुसरे माणसाच्या ताब्यात असते, आणि या दुसऱ्या टोकाची किंमत किती असते हे जनरल मोटर्स कंपनी फार मोठी किंमत मोजून शिकली. शेव्हरोलेट कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांतील किल्लीच्या खटक्यात एक छोटी स्प्रिंग आणि तिच्यावर बसलेली दांडी असे. किल्ली फिरविताना लागणारा जोर त्या दांडीवर ठरे. दांडी आखूड होती. २००२ साली हा खटका ठरलेल्या जोरापेक्षा कमी भरतो हे ठाऊक असताना मंजूर झाला. किल्लीला जड जुडगा लटकलेला असला, रस्त्यावर गचका बसला किंवा चालकाचा गुडघा लागला की किल्ली आपोआप एक मुक्काम मागे घसरे. इंजीन बंद, सुकाणू जड, ब्रेकचा जोर कमी, आणि सर्वांत वाईट म्हणजे धडकेच्या वेळी जी हवेची पिशवी फुगावयाची तिलाही वीज नाही. २०१४ साली सुमारे सव्वीस लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. विजेच्या दृष्टीने या खटक्यात काही खोट नव्हती. तो नको तेव्हा तोडत होता, एवढेच.

आणि दप्तराच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. २००६ मध्ये दांडी व स्प्रिंग बदलून खटका सुधारण्यात आला, परंतु भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे कोणत्या गाडीत जुना आणि कोणत्या गाडीत नवा हे कोणालाच सांगता येईना, आणि अपघातांचा शोध घेणारे स्वतः कंपनीचे अभियंतेच कित्येक वर्षे चकले. ज्यांना जमाखर्चाच्या वह्या ठेवण्याचा शिरस्ता ठाऊक आहे त्यांनी सांगावे, दोन निरनिराळ्या असामींना एकाच नावाने खाते उघडून दिले तर काय होईल?

हाताच्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट येते, आणि ती आपल्या ग्रामीण भागात रोज घडते. वीज गेली; यंत्र थांबले; पुन्हा वीज आली. तेव्हा यंत्राने आपणहून सुरू व्हावे काय? पिठाच्या गिरणीत, लेथवर, लाकूड कापण्याच्या करवतीवर याचे उत्तर निःसंशय ‘नाही’ असे आहे. म्हणून तेथे साधे वरखाली होणारे बटण न वापरता हिरव्या-तांबड्या बटणांचा स्टार्टर वापरतात, ज्याची गुंडाळी वीज गेली की सुटते आणि कोणी पुन्हा हिरवे बटण दाबीपर्यंत जुळत नाही. कारण भारनियमन संपण्याच्या वेळी कोणाचा हात जात्याच्या तोंडाशी असेल हे कोणी सांगावे?

शेतीपंपाच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याची अडचण खरी आहे. थ्री-फेज वीज रात्री दोनला येणार, विहीर अर्ध्या कोसावर, थंडी, अंधार, साप-विंचू. त्याने स्टार्टरला ऑटोस्विच लावला, आणि वीज आली की पंप आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरते हे शहाणपणाचेच आहे. परंतु रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी उभ्या अवस्थेतून उठू लागले की आपण मघाशी पाहिलेला तो पहिल्या क्षणाचा उधाण प्रवाह पंपांच्या संख्येने गुणला जातो, आणि रोहित्र जळते. महावितरण वर्षानुवर्षे विनवीत आहे, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. माझे मत विचाराल तर, वीज दिवसा द्या असे शेतकऱ्यांनी म्हटले तर त्यात काही वावगे नाही. आणि तोवर, वीज आल्यावर प्रत्येक पंप थोड्या वेगवेगळ्या विलंबाने उठविणारा खटका बसविणे हे रचनाकारांचे काम आहे, ते शेतकऱ्याच्या गळ्यात घालण्याचे कारण नाही.

आणीबाणीच्या तांबड्या, छत्रीसारख्या बटणाविषयी एकच वाक्य बोलतो, कारण ते या भाषणाच्या मुद्द्याला चिकटून आहे: ते बटण दाबल्यावर जुळत नाही, सुटते, तार तुटली तरी यंत्र थांबते, आणि त्याची रचना अशी असते की टिकल्या चिकटलेल्या असल्या तरी तळहाताचा जोर थेट त्यांच्यावर जाऊन त्या फोडून वेगळ्या होतात, स्प्रिंगच्या मर्जीवर काहीच सोडलेले नसते.

शेवटी, सभागृहात जे तरुण रचनाकार बसले आहेत त्यांच्यासाठी व्यवहाराचे चार शब्द. घरगुती भिंतीवरच्या खटक्यांसाठी आपल्याकडे आयएस ३८५४ हे मानक आहे, उपकरणांतल्या खटक्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक वेगळे आहे; भिंतीवरचा खटका उपकरणात आणि उपकरणातला भिंतीवर, ही सरमिसळ करू नका. गीझरसारख्या ओल्या जागच्या उपकरणाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी खटकाच द्या. आराखड्यावर ‘स्विच, ६ अँपिअर, अथवा तत्सम’ असे कधीही लिहू नका. ‘तत्सम’ या शब्दाचा अर्थ खरेदीखात्यात ‘दोन रुपयांनी स्वस्त’ असा होतो, आणि त्यात खरेदीखात्याचा दोष नाही, कारण तुम्ही त्याला दुसरे काही सांगितलेलेच नाही. दाब किती, एसी की डीसी, भार कोणत्या स्वभावाचा, पहिल्या क्षणाचा प्रवाह किती, तोडताना किती, किती हजार वेळा, किती तापमानात, बोटाला किती जोर लागावा, आणि वीज परत आल्यावर काय व्हावे, हे त्याच चौकटीत लिहा. जागा पुरली नाही तर चौकट मोठी करा. आणि नमुने मागवून मंजुरीपूर्वी त्यांची चाचणी घ्या ती दिव्यावर किंवा तापकावर नको, तुमच्याच मोटारीवर, भांडे भरलेले असताना, चौथ्या मुक्कामावर, टिकली निकामी होईपर्यंत; मग खटका उघडा आणि भिंगाखाली पाहा. पुरवठादाराने पुढे कधी रुप्याचे मिश्रण बदलले, स्प्रिंग बदलली, अगदी दांडीची लांबी मिलिमीटरभर बदलली, तरी त्याने नवा क्रमांक घ्यावा आणि तुम्ही तीच चाचणी पुन्हा करावी, अशी अट करारनाम्यात घाला. बहुतेक पुरवठादार प्रथम कुरकुरतात, मग सही करतात.